एका दमात

हॉस्पिटलमध्ये बाबांना श्वासाचा व्यायाम द्यायला येणाऱ्या ताई आधी त्यांचं मनगट धरतात. मला वाटायचं, नाडी बघतात. काल दाराबाहेर म्हणाल्या, "नाडी मशीनवर दिसतेच हो. मी छाती बघते. श्वास मोजतेय असं सांगितलं, की माणूस वेगळाच श्वास घेतो." मग त्या गप्पा काढतात आणि एका दमात किती शब्द निघतात ते ऐकतात. कालही तसंच.

"काका, नाश्त्याला काय होतं?"

"उपमा."

"कसा होता?"

"बरा."

ताई चपापल्या. "बोलताना दम लागतोय का?"

"अहो, ते जन्मभर एवढंच बोलतात," मी म्हणाले. आठ दिवस खुर्चीत बसून पाठ धरली होती, आवाजही त्रासिकच निघाला. पण मनात आलं, त्या एका शब्दावर आपण किती वर्षं भागवलं! पुढचं कधी विचारलंच नाही. असा कान देऊन तर नाहीच.

आज मनगट ताईंच्या हातात असताना बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला घरी पाठवा, नऊ दिवस खुर्चीत झोपतेय ही."

"आठ शब्द, एका दमात!" ताई खुलल्या.

मी खुर्ची बाबांजवळ ओढली आणि विचारलं, "कालचा उपमा बरा म्हणजे नक्की कसा होता?"