रफीक पेंटर, म्हणजेच आमचे गणपतकाका

रफीक गेल्याचा फोन शबानाभाभींनी केला तेव्हा मी अकोल्याला कारखान्यात होतो. "भाईजान, फजर की नमाज पढ के लेटे थे… उठे ही नहीं," एवढंच त्या बोलल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. मी तसाच मालकांच्या केबिनमध्ये शिरलो. मालक माणूस वाईट नाही. ऐकलं आणि डोळ्यांना रुमाल लावून बसून राहिले. मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "सुधाकर, एक लक्षात ठेव. रफीक गेला, गणपतकाका नाही. बातमी बाहेर जाता कामा नये." आणि मी मान हलवली! इतक्या वर्षांची मैत्री, माणूस अजून घरात ठेवलेला, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. याला आता पाच आठवडे झाले. त्या मान हलवण्याची लाज काही केल्या जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमची कंपनी निंबोळी अर्क आणि जैविक खतं बनवते. वऱ्हाडात वावर, म्हणजे शेत, असणाऱ्या आणि हातात मोबाइल असणाऱ्या माणसाला गणपतकाका कोण हे बहुधा सांगावं लागत नाही. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, हसरा चेहरा… आमच्या प्रत्येक डब्यावर तेच, वेबसाइट उघडली की हात जोडून उभे तेच, आणि दर सोमवारी 'काकांचा धुरा' नावाचा ब्लॉग लिहिणारेही तेच. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसं काका लिहायचे. लोक त्यांना प्रश्न विचारायचे, लेकीच्या लग्नाची पत्रिका पाठवायचे. असा माणूस मात्र कधीच नव्हता. होता तो अंजनगाव सुर्जीचा रफीक पेंटर.

रफीक भिंती रंगवायचा. बियाण्यांच्या, खतांच्या, सिमेंटच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, लग्नातल्या गाड्यांवरची नावं. त्याचं अक्षर असं की गावातले लोक न वाचता नुसतं बघत उभे राहायचे. मग फ्लेक्स आले आणि एका वर्षात त्याच्या ब्रशला काम उरलं नाही. इतर पेंटर रडत बसले, हा अमरावतीत येऊन कॉम्प्युटरच्या क्लासला बसला. वय चाळिशीला आलेलं, बाजूला कॉलेजची पोरंपोरी. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात तो डब्यांची लेबलं करायला लागला आणि मी मार्केटिंगवाला, त्यामुळे आमची टेबलं समोरासमोर. पहिल्याच दिवशी माझं लेबल बघून म्हणाला, "सुधाकरभौ, रागावू नका, पण हे लेबल पाहून अळी नाई मरत, गिऱ्हाईक मरते." मी रागावलो. आठ दिवसांनी लेबल बदललं.

ती वर्षं आमच्या भागाची वाईट वर्षं होती. वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्या माणसाचा चेहरा पडायचा. अशात मालक पुण्याला कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि म्हणाले, ब्रँडला चेहरा पाहिजे, हसणारा शेतकरी पाहिजे. झालं! मी आणि कॅमेरावाला दहा दिवस गावं पालथी घातली. हसायलाच कोणी तयार होईना. एक जण कसाबसा तयार झाला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं ऑफिसात हजर. "साहेब, तो फोटो काढून टाका. शेजाऱ्याच्या वावरात काई नाई पिकलं अन् मी कायले हासून राहिलो असं लोकं म्हनतीन," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण वेबसाइट सोमवारी सुरू व्हायची होती. मी डोकं धरून बसलो, तर समोरून रफीक म्हणाला, "मी हासतो ना भौ. मले कोन ओळखते?" कारखान्याच्या मागे थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावलेली होती. रफीकनं दाढी काढली, मिशी ठेवली, वॉचमनचं धोतर आणि टोपी घातली आणि असा काही हसला की कॅमेरावालाही हसला. मग स्वतःच कॉम्प्युटरवर बसून त्यानं स्वतःचे केस पांढरे केले. पुढे ते खरंच पांढरे झाले, पण त्याला बारा वर्षं लागली.

फोटोपुरतं होतं ते. ब्लॉग मी लिहायचा ठरला होता, आणि माझा पहिला लेख वाचून मालकांनाच झोप आली. दुसरा रफीकनं लिहिला. पंपाचं नोझल कसं साफ करायचं एवढंच, पण अस्सल वऱ्हाडीत, मध्ये मध्ये टोमणे मारत, स्वतःचीच फजिती सांगत. लोकांनी तो एकमेकांना वाचून दाखवला. मग प्रश्न यायला लागले आणि रफीकची धांदल उडाली, कारण त्याला शेतीतलं कळत होतं ते फक्त कृषी केंद्रांच्या भिंती रंगवताना कानावर पडलेलं! थापा मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दर रविवारी तो त्याची जुनी एम-एटी गाडी काढून मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोटकडे निघायचा. कुणाच्याही वावरात शिरायचा, "मी रफीक, कॉम्प्युटरचं काम करतो, जरा माहिती पाहिजे होती," म्हणून विचारत बसायचा. सोमवारी ते काकांच्या तोंडून यायचं. चारपाच वर्षांत कृषी पदवीधरांनी त्याच्याकडून शिकावं इतका तो तयार झाला. मी त्याच्या तोंडावर कधी तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आणि हळूहळू गणपतकाका त्याला सोडेनात. मालकांनी काकांसाठी वेगळा फोन दिला. त्यावर रफीक म्हातारा आवाज काढून बोलायचा. अकोला रोडवर काकांचं मोठं होर्डिंग लागलं, तर हा दोन किलोमीटरचा वळसा घालून ऑफिसला यायला लागला. "स्वतःलेच नमस्कार करत जावं लागते भौ, कसंतरीच वाटते," म्हणायचा. दाढी वाढवायची सोय नव्हती. कृषी प्रदर्शनात काका हवेतच म्हणून धोतर-टोपी घालून लांबून हात हलवायचा आणि कुणी जवळ यायच्या आत मी त्याला गाडीत बसवायचो. नागपूरच्या एका कंपनीला 'काकांचा धुरा'सारखं लिहिणारा माणूस हवा होता, चांगल्या हुद्द्यावर. रफीक मुलाखतीला गेला आणि न बोलता परत आला. "मी लिहिलं म्हनून सांगाव तं इथची बात फुटते. नाई सांगाव तं मी कोन? बारावी पास पेंटर," म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्याला स्वतःचं म्हणून कुणाला दाखवता येत नव्हतं. आणि मालकांना त्याला काढता येत नव्हतं, कारण काका गेले तर कंपनीत उरतं काय? दोघंही एकमेकांच्या हातात अडकलेले, आणि मधे मी. एकदा चहा पिताना तो सहज बोलल्यासारखा बोलला, "सुधाकरभौ, घरी फोन वाजला की मी म्हाताऱ्याच्याच आवाजात हॅलो म्हनतो. शबाना हासते. मले आता भेव वाटते."

मग गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष आलं. मालकांना वाटलं, हीच संधी. आमचा अर्क मारा, अळी जाते, असं काकांनी लिहायचं. रफीकनं साफ नाही म्हटलं. अळी बोंडाच्या आत बसलेली असते, वरून मारलेला अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही, हे त्यानं पाच वावरांत बोंडं फोडून बघितलं होतं. मालकांनी माझ्याकडून पासवर्ड घेतला आणि मजकूर स्वतः टाकला. होय, माझ्याकडून. दोन आठवड्यांनी काकांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. लोक शिव्या देत नव्हते, तेच तर वाईट होतं. "काका, तुमी सांगतलं तसंच मारलं जी, आता काय करू?" असं विचारत होते.

त्या दुपारी रफीकनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. ब्लॉगवर टाकायला लिहिलेला. गणपतकाका नावाचं कोणी नाही, मी रफीक, अंजनगावचा पेंटर, आजवर लिहिलं ते मीच लिहिलं, पण बोंडअळीचं मी लिहिलेलं नाही, ते खोटं आहे, तुमची माफी मागतो. एवढंच. खाली त्याचं नाव, त्याच्या त्या सुंदर अक्षरात. "टाकतो भौ," म्हणाला. "नोकरी गेली तं गेली. एकदा माह्या नावानं बोलू द्या."

मी त्याला अडवलं. नोकरीचं, पोरांच्या शिक्षणाचं सांगितलं, तो ऐकेना. मग मी ते बोललो. म्हणालो, "रफीक, काका शेतकरी नाही हे एक वेळ लोक सहन करतील. काका मुसलमान निघाला हे नाही करणार. ज्यांच्यासाठी तू मरतोयस ना, तेच तुझ्या दारावर येतील." मी हे त्याच्या काळजीपोटी बोललो असं मला तेव्हा वाटलं.  रफीकनं कागदाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली… "तुमी म्हनता तसं असंल भौ. तुमी त्यांच्यातले आहा, तुमाले जास्त मालूम," म्हणाला. संध्याकाळी त्यानं मालकांना न विचारता तो मजकूर काढला आणि काकांच्याच नावानं लिहिलं: बोंड फोडून पाहा, आत अळी दिसली तर आमचाही अर्क मारू नका, उपयोग नाही, माझी चूक झाली. मालकांनी आकाशपाताळ एक केलं, पण काढणार कुणाला? पुढची सगळी वर्षं रफीक दर सोमवारी लिहीत राहिला. स्वतःच्या नावाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि मीही सुटलो म्हणून गप्प बसलो.

माती अंजनगावला होती. जनाज्याची नमाज झाली, आम्ही कब्रस्तानाकडे निघालो तर फाटकाबाहेर पंचवीस-तीस माणसं उभी. टोप्या, उपरणी, धोतरं, काही तरणी पोरं. मोटारसायकली लांब रस्त्याच्या कडेला लावलेल्या.  वाटलं, आले… कुठून तरी कळलं आणि आले. मी पुढे झालो आणि सवयीनं खोटं बोलायला तोंड उघडलं, "तुम्ही कोणाकडे…" त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "काकाच्या मातीले आलो जी. मी उत्तमराव, मूर्तिजापूरकडचा. सकाळी काकाच्या फोनवर फोन केला तं भाभी बोलल्या. रफीकभाऊ गेले म्हने."  "तुम्हाला… माहीत होतं?" मी विचारलं.

"अरे बाप्पा! आईतवारी एक मानूस एम-एटीवर येते, आमच्या वावरात बसून खोदून खोदून इचारते, अन् सोमवारी तेच काकाच्या धुऱ्यावर येते. आमी का बैताड आहो? पयल्या वर्सीच समजलं होतं."

"मग कधी बोललात का नाही?"

"बोललो असतो तं कंपनीनं काढून नसतं टाकलं त्याले? आमी आपसात ठरवलं होतं, मानूस कामाचा आहे, त्याच्या पोटावर पाय नाई आनाचा. तो रफीक म्हनून आला की आमी रफीकभाऊ म्हनो, फोनवर काका म्हनो."

मला राहवलं नाही. तिथेच, फाटकापाशी, मी त्यांना त्या कागदाचं सांगितलं. त्याला तुम्हाला सगळं खरं सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. उत्तमरावांनी विचारलं, "काहून?" मी कब्रस्तानाच्या फाटकाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.  म्हणाले, "तुमाले आमचं भेव वाटलं व्हय, साहेब?" आणि मला तिथेच सोडून ते आत गेले. एकेकानं रांगेत जाऊन रफीकला माती दिली. मी सगळ्यांत शेवटी दिली.

रफीक हे न कळताच गेला. त्याच्याच माणसांच्या भीतीनं त्यानं इतकी वर्षं काढली, आणि ती भीती मी त्याच्या डोक्यात घातली होती. मालकांना मी दोष देऊ शकतो, पण कडी बाहेरून मीच लावली होती.

दुसऱ्या आठवड्यात मालकांनी मला रफीकच्या खुर्चीत बसवलं. काका मीच लिहायचे. मी बसलो, आणि पहिल्यांदा त्याचा कीबोर्ड नीट पाहिला. टाइप करून करून बटणांवरची मराठी अक्षरं पुसली गेली होती आणि त्यानं ती बारीक ब्रशनं, पाट्यांच्या पांढऱ्या ऑइलपेंटनं पुन्हा रंगवली होती. एकेका बटणावर एकेक अक्षर, नखाएवढं, भिंतीवर काढायचा तसंच. बोट ठेवलं की रंगाचा थर लागतो. काकांसाठी त्यावर मला अजून एक ओळही लिहिता आलेली नाही. हा लेख मात्र मी त्यावरच लिहिला आणि पेपरला पाठवला. उद्या सकाळी मालक मला बोलावतील, आणि केबिनचं दार ढकलताना मला भीती वाटेल, मी मला ओळखतो. पण तोवर रफीकचं नाव छापून झालेलं असेल.