सारणातली बोटं

माझी दहाही बोटं सारणात होती तेव्हा काकूंनी परात ओढून घेतली.

ओढली म्हणजे खरोखरच ओढली. बोटांना गूळखोबरं, हात हवेत. इंग्लंडात, लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. भाड्याने घेतलेलं एक जुनं चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर, त्याचं छोटं किचन आणि मोदक वळणाऱ्या आम्ही सहा-सात बायका. त्याआधी माझ्या मोदकांवर हसणं चाललं होतं. "अगं डॉक्टर, हा मोदक आहे की समोसा?" काकूच म्हणाल्या होत्या. काकू म्हणजे मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद.

तेवढ्यात नागपूरहून बाबांचा फोन. हात चिकट, म्हणून शेजारणीला म्हटलं, जरा स्पीकर लाव गं.

"जय भीम, बेटा."

"जय भीम, बाबा."

बाबांनी नातीची चौकशी केली, स्वतःच्या बीपीची माहिती दिली. फोन संपला. किचनमधलं हसणंही संपलं.

"तुम्ही बाहेर खुर्च्या लावता का, डॉक्टर?" काकू म्हणाल्या. "नैवेद्याचं आम्ही बघतो." मग सारणाकडे पाहून, जरा हळू आवाजात, दुसरीला, "हे इंग्लिश पाहुण्यांना होईल."

आठ वर्षं मला 'अगं' म्हणणाऱ्या बाईने एका फोनवर मला 'तुम्ही' केलं. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता.

आणि मी काय केलं? खुर्च्या लावल्या. अगदी सरळ रांगेत.

मी भूल देणारी डॉक्टर. लोकांना झोपवणं हे माझं काम. याच काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांच्या पाठीत सुई मीच घातली होती. त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असतात, "आमच्या डॉक्टरचा हात किती हलका!" पाठीच्या कण्याला माझा हात चालला. खोबऱ्याला नाही.

आता तुम्ही विचाराल, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलगी मोदक वळायला गेलीच कशाला? बाबांनीही विचारलं होतं. लेकीच्या कानावर मराठी पडावं म्हणून, असं मी म्हणाले होते. पंधरा वर्षांची लेक घोड्यालाही 'ती' म्हणते. खुर्च्या लावताना ती आलीच. "आई, तू का हे करतोय? तू तर मोदक बनवत होता ना?"

"कंटाळा आला," मी म्हटलं.

हॉलच्या मधोमध एक लांब ओकचं टेबल आहे. मंडळ त्यावर नैवेद्य मांडतं. खुर्च्या लावता लावता मी त्याच्यापाशी थांबले. त्या टेबलाची गोष्ट मला ठाऊक होती, कारण दर गुरुवारी इथे एक वाचनगट भरतो आणि मी जाते. ज्ञानाची ओढ वगैरे काही नाही, गुरुवारी आमच्याकडे नवरा भेंडी करतो. गट मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिका चालवतात. हे चॅपल ज्यांनी बांधलं त्या प्युरिटन लोकांची प्रवचनं आणि रोजनिश्या आम्ही वाचतो.

इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून फुटलं, पण पाद्र्यांचे झगे, वेदी, गुडघे टेकणं तसंच राहिलं. काही लोक म्हणाले, ही सफाई अर्धवट झाली. बाकीच्यांनी त्यांना चिडवायला नाव ठेवलं, प्युरिटन. सोवळे, म्हणा ना. पहिल्या दिवशी ते ऐकून मला वाटलं, घ्या, इथेही काकू आहेतच.

पण त्यांचं एक भांडण माझ्या मनात घर करून बसलं. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून घ्यायची असे. हे म्हणाले, आम्ही गुडघे टेकणार नाही. येशू शिष्यांसोबत जेवायला बसला होता, आम्हीही टेबलाशी बसूनच घेऊ. एवढ्यावरून कित्येक पाद्र्यांच्या जागा गेल्या. तरी बसायचं ते बसायचंच. हे ओकचं टेबल त्यासाठीच.

त्यांना डोक्यावर घ्यायला नको हां. नाताळ त्यांनी बंद पाडला, नाटकं बंद पाडली, आणि चॅपलात पुढची बाकं श्रीमंतांचीच. शिवाय त्यांचा विश्वास असा, की कोण तरणार हे देवाने जन्माआधीच ठरवलंय. ते वाचून मी मोठ्याने हसले होते. मार्गारेट दचकल्या. जन्माआधी ठरलेलं मला नवीन नव्हतं! फरक इतकाच, की ही माणसं आयुष्यभर घाबरून असायची. मी निवडलेला आहे की नाही? रोजनिशीची पानंच्या पानं त्या शंकेने भरलेली. आमच्या काकूंना ही शंका एकदाही आलेली नाही.

आणखी एक रीत होती. मंडळीत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून आपला अनुभव सांगायचा. तो ऐकून ठरायचं, आत घ्यायचं की नाही.

दुपारी मंडळाचे अध्यक्ष आले. चांगला माणूस, म्हणजे आवाज चांगला. "डॉक्टर, मनाला लावून घेऊ नका. जुनी माणसं आहेत. आज कौन्सिलर येतायत, तुम्ही दोन शब्द बोला ना. बिल्डिंगची हिस्ट्री, आणि आपलं मंडळ किती इन्क्लुझिव्ह आहे ते. तुम्ही बोललात तर बरं दिसेल."

"बोलते," मी म्हटलं.

काय बोलणार होते, खरंच माहीत नव्हतं. कदाचित गोडच बोलले असते.

आरती झाली, प्रसादाची रांग लागली. माझा नंबर आला. काकूंनी मोदक उचलला आणि माझ्या तळव्यावर वरून सोडला. वीतभर वरून. बाबांच्या शाळेत शिपाई पाणी असंच वरून ओतायचा. ती उंची बाबांनी मला हाताने दाखवली होती. तीच ही.

मी वाकून तो ओंजळीत झेलला. मागे लेक होती. तिने माझं बघून ओंजळ केली, वाकून, डोकं खाली घालून.

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडून शिकली, आत्ता, माझ्यामागे उभी राहून. आठ वर्षांत मराठी आली नाही, ओंजळ मात्र एका क्षणात आली.

मी तिचे हात धरून खाली केले. टेबलाशी नेलं. मीच लावलेली खुर्ची ओढून तिला बसवलं, माझा मोदक ताटात परत ठेवला आणि माइक घेतला. आधी मराठीत बोलले, मग इंग्लिशमध्ये.

"सकाळी फोनवर मी जय भीम म्हणाले, म्हणून माझ्यापुढची परात काढून घेतली. मी हात घातलेलं सारण आज पाहुण्यांच्या प्लेटमध्ये आहे. देवाला ते चालत नाही, तुम्हाला चालेल असं ठरलंय."

कौन्सिलरबाईंचा मोदक तोंडाशी थांबला. मग त्यांनी तो खाल्ला. पूर्ण.

"अहो डॉक्टर, असं सगळ्यांसमोर..." काकू.

"परातही सगळ्यांसमोरच ओढलीत, काकू."

टेबलाशी आमच्याजवळ कुणी येऊन बसलं नाही. सकाळी फोनचा स्पीकर लावणारी शेजारीणसुद्धा नाही. अध्यक्षांनी कुणाला तरी गाणं लावायला सांगितलं.

प्युरिटन माणूस अनुभव सांगायचा तो आत घेतलं जावं म्हणून. मी सांगितला तो कुणाची परवानगी नको म्हणून. अध्यक्षांचे मेसेज अजून येतात. गैरसमज झाला, बसून बोलू. बसूनच बोलायचं होतं, साहेब. तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या.

लेकीला मराठी आता मी शिकवते, घरी. पहिला धडा जय भीम. लिंग-वचन नंतर बघू. मोदक मी वळणार नाही, आणि कुणासमोर ओंजळ धरणार नाही. बाबांचा फोन येतो, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, बसमध्ये, कुठेही. हात कोरडे असले तरी मी स्पीकर लावते. आवाज पूर्ण.