बंद करण्याआधी मला फोन कर

नसीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सरळ म्हणालो, "शक्यच नाही." कारण अर्ध्या तासापूर्वी, सकाळी सातला, त्यांचा मेसेज येऊन गेला होता : सगळ्या टेस्ट पास. मग आठवलं, तो मेसेज ते हातानं पाठवतच नव्हते. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी रक्तपेढीचा डेटाबेस तपासून तो आपोआप पाठवतो. माणूस पहाटे हृदयविकारानं गेला आणि सातला त्याचा निरोप आला... याला सहा आठवडे झाले. तरी सात वाजले की मला अजून वाटतं, फोनवर सांगणाराच चुकला असेल.

सांगलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी प्रोग्राम लिहायचो आणि नसीर मणेर त्यातल्या चुका शोधायचे. मी साताऱ्याचा, फौजीचा मुलगा. काम वेळेत हातावेगळं करायचं, एवढं घरी शिकलेला. ते कुंडलचे, घरचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या अम्मी गिऱ्हाइकाच्या हातात भरण्याआधी प्रत्येक बांगडी दुसरीवर वाजवून बघायच्या, कारण तडा गेलेली बांगडी बद्द वाजते. नसीरभाईंनी तीच सवय ऑफिसात आणली होती. चहात साखर घातलीय म्हटलं तरी आधी चमच्यानं चाखणार! मला तर हा माणूस डोक्यात जायचा.

आम्ही एका रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो, त्यासाठी त्यांनी कितीतरी नियम लिहून काढले. रुग्णाला दिलेली पिशवी शिल्लक साठ्यात दिसता कामा नये, मुदत संपलेली बाहेर जाता कामा नये, एका रक्तदात्याचा रक्तगट एकच असला पाहिजे. प्रत्येक नियमाची एक टेस्ट, आणि सगळ्या टेस्ट रोज आपोआप चालणार.

सॉफ्टवेअर सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि गुरुवारी रक्तगटाची टेस्ट फेल झाली. जुन्या रक्तदान शिबिरांच्या नोंदींत एक हणमंत पवार होता. मोबाइल नंबर एकच, पण रक्तगट एकदा ओ पॉझिटिव्ह आणि एकदा बी पॉझिटिव्ह. टायपिंगची चूक असणार, मी म्हणालो. मनात मात्र वेगळंच होतं. त्यांना डावलून या कामाचा प्रमुख मला केलं होतं. म्हणून हा माणूस मुद्दाम खोडा घालतोय, ती नोंदही त्यानंच घुसवली असेल, असं मला पक्कं वाटत होतं. ते जेवायला गेले आणि मी ती टेस्ट गुपचूप बंद केली.

शुक्रवारी सातला मेसेज आला : एक टेस्ट कमी चालली. बाकीच्या टेस्ट मोजणारीही एक टेस्ट त्यांनी लिहून ठेवली होती! मी चोरासारखा ऑफिसात गेलो. "चल रं, गाडी काढ," एवढंच ते म्हणाले.

शिबिर कुंडलच्या पुढच्या एका गावात झालं होतं. तिथल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाला नसीरभाईंनी विचारलं, "हणमंत पवार कोन?"

"कुठला? थोरल्याचा का धाकल्याचा?"

दोघं चुलतभाऊ होते आणि दोघांचंही नाव आजोबांचंच ठेवलेलं. शिबिराच्या फॉर्मवर वडिलांचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. आणि नंबर? "सगळ्यांचा माझाच दिला की," अध्यक्ष म्हणाला. "फोन आला तर मंडळाला कळाय नको व्हय?"

माझ्या प्रोग्रामनं त्या दोघांचा एक माणूस करून टाकला होता. वर सोय म्हणून पिशवीचं लेबलही मी रक्तदात्याच्या जुन्या नोंदीवरून छापायला लावलं होतं. म्हणजे धाकल्याच्या, बी गटाच्या हणमंतानं पुढच्या वेळी रक्त दिलं असतं, तर त्याच्या पिशवीवर ओ छापून आलं असतं.

परतताना मी कबूल केलं, "टेस्ट मी बंद केली. ती नोंद तुम्हीच घुसवली असं वाटलं होतं मला."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "मला बी वाटत हुतं, तू साहेबास्नी सांगून मला काढाय बसलायस." मग पलूस मागं पडल्यावर म्हणाले, "रक्त लावून घेणारा पडलेला असतोय गड्या. त्यो काय तपासनार?"

सोमवारचं काम आठवडाभर पुढं गेलं. लेबल त्या त्या पिशवीच्या तपासणीवरूनच छापायचं, असं आम्ही करून घेतलं. त्यानंतरही आम्ही रोज भांडलो, पण त्यांची टेस्ट मी पुन्हा बंद केली नाही.

गेल्या मंगळवारी सातच्या मेसेजमध्ये तीच रक्तगटाची टेस्ट फेल होती. साहेब म्हणाले, "जुनी टेस्ट आहे, आज बंद ठेव, नंतर बघू." मी फाइल उघडली. टेस्टच्या वर नसीरभाईंनी नंतर कधीतरी माझ्यासाठी एक ओळ लिहून ठेवली होती, मी ती कधी पाहिलीच नव्हती : प्रशांत, बंद करण्याआधी मला फोन कर.

काही विचार न करता मी नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर भानावर आलो, पण तेवढ्यात त्यांच्या अम्मींनी फोन उचलला. मी म्हणालो, "अम्मी, नसीरभाईंच्या टेस्टमध्ये एक नाव आलंय. तुमच्याच बाजूचं गाव आहे. बघायला निघालोय, आधी घरी येऊन जाऊ का?"



"आदी बघून ये," अम्मी म्हणाल्या. "मग ये."