नळी की हात

"दाब कुणी कमी केला?"

"मीच केला, मामा. नुसता फेस येत होता म्हणून."

"म्हणूनच येतोय, पोरी. आग लागली म्हणून तू पाणी बंद केलंस."

फेसमामानं फ्रीजपुढं फतकल मारली. बियरच्या नळ्या बसवायच्या आणि धुवायच्या, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. लोकांना त्याची आठवण येते ती ग्लासात फेस झाला की, म्हणून हे नाव. नळी नीट चालते म्हणून आजवर कुणी त्याला चहालाही बोलावलेलं नाही.

हे घर मात्र मालकांचं. त्यांच्याच बारमध्ये मामा शिव्या खात काम शिकला. गेल्या साली मालकांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बार बंद झाला. आता जराशी ताकद परतली होती. बापानं संध्याकाळी निदान एक ग्लास स्वतःच्या हातानं भरावा म्हणून लेकीनं जुना फ्रीज आणला, आत बियरचं पिंप ठेवलं, दाराला तोटी लावली. तर चार दिवस पाऊण ग्लास फेसच. पाचव्या दिवसापासून म्हातारा तोटीकडं फिरकेना.

"माझा हात गेला," मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"हाताचं मागनं बघू. आधी नळीची तपासणी."

मामानं लेकीला जवळ बसवून घेतलं. "थंड बियरच्या पोटात वायू गप बसतो, पण वरनं टाकीतल्या वायूचा तेवढा दाब हवा. दाब काढलास की तो नळीतच सुटतो, न्‌ तोटीशी नुसता फेस येतो."

"मग वाढवते ना."

"वाढव. पण तुझी नळी दोन हातांची. बियर जोरात येऊन आदळेल. नळी हवी सहा हात. लांबच्या वाटेनं दमून आली की गुमान ग्लासात उतरते."

त्यानं नवी नळी कापून पिंपावर वेटोळं घातलं, दाबाचा काटा जागेवर आणला. "आता दोन दिवस कुणी शिवायचं नाही. वायू परत मुरू दे."

तो पिशवी उचलतोय तोच मालकांनी हटकलं. "खरं सांग रे गाढवा. नळी की हात?"

"परवा सांगतो."

"माझं मन राखायला खोटं बोललास तर दारात उभा करणार नाही."

दोन दिवसांनी येऊन मामानं आधी स्वतः एक ग्लास भरला. स्वच्छ पिवळी धार, वर दोन बोटं फेसाची साय. लेकीचा चेहरा उजळला. मालक भिंत धरत उठले. डाव्या हातात ग्लास घेतला, उजवी मूठ तोटीच्या दांड्यावर ठेवली. दांडा निम्मा झुकला आणि तिथंच थांबला. तोटी फुरफुरली, ग्लास फेसानं भरून ओसंडला.

तोटी अर्धी उघडली की फेस होणारच. हे मालकांनीच मामाच्या पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. नळी अजून गार झाली नाही, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. ते मामाच्या जिभेवर आलंही होतं.

"नळी बरोबर आहे, मालक," तो म्हणाला. "दांडा पुरता ओढला जात नाही. हात आहे."

"मामा!" लेक कडाडली.

मालकांनी ग्लासातला फेस बसू दिला. ओठ एका बाजूनं हलले. "ओरडू नकोस त्याच्यावर. मीच विचारलं होतं."

मग ग्लास मोरीत ओतून त्यांनी डावा हात पुन्हा पुढं केला न्‌ लेकीला म्हणाले, "इकडं ये. तू ओढ, ग्लास मी धरतो. एका दमात ओढायचं. भीत भीत ओढलंस तर या मामासारखी दहा वर्षं शिकत बसशील."

तिनं ओढलं. मालकांनी ग्लास तिरपा धरला, भरत आला तसा हळूहळू सरळ केला. डावा हात जराही हलला नाही.

"हं. बंद कर."

त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. प्यायले नाहीत. लेकीनं डोळे पुसले, तिकडं त्यांनी बघितलंही नाही.

मामानं जमिनीवर सांडलेलं पुसलं, जुनी नळी गुंडाळली.

"बसा ना मामा, घोटभर घ्या."

"नको. हॉटेलातल्या नळ्यांत धुवायचं औषध भरून आलोय. जास्त वेळ राहिलं तर वास धरतात."

हॉटेलाच्या तळघरात जाऊन त्यानं बाह्या सारल्या, पहिली नळी बादलीत सोडली आणि पाणी चालू केलं.