अर्जदार आणि तक्रारदार

सरकारी अर्जात खरं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. खरं बोलण्याची हौस पुष्कळांना असते, पण ती दुसऱ्यांबद्दल. आमच्या अण्णांना ती स्वतःबद्दल होती. घरातली दोन माणसं महिनाभर गावी होती म्हणून ते रेशनची साखर परत करायला गेले, तेव्हा दुकानदाराने हात जोडले. "अहो, साखर द्यायचं रजिस्टर आहे माझ्याकडे, घ्यायचं नाही," असं तो काकुळतीला येऊन सांगत होता आणि अण्णा पिशवी पुढे धरून उभेच. लग्नात मुलीच्या बापाने रीतीप्रमाणे "जेवण कसं झालं?" विचारलं, की ते विचार करून सांगायचे, "मठ्ठा उत्तम. जिलबी कालची आहे." त्यामुळे माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमच्या आक्का, पंगतीत नेहमी नवऱ्याच्या समोरची जागा धरत. तिथून डोळे वटारायला सोपं पडायचं.

चिंचवडला अण्णांचं लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप होतं आणि दोन गल्ल्या सोडून माझंही तसंच. एका मोठ्या कंपनीला ते यंत्राच्या दांड्यावर बसणारे पोकळ बुश पुरवायचे, मी मिळेल ते काम करायचो. वीजकपात सुरू झाली तेव्हा अण्णांनी गाशा गुंडाळलेल्या एका तंबूतल्या सिनेमाचा जुना जनरेटर आणला. तो सुरू होताना आधी खोकायचा, मग काळाकुट्ट धूर सोडायचा, आणि भिंतीपलीकडच्या चाळीत सुमनबाईंच्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. सुमनबाईंचा नवरा यशवंत अण्णांच्याच लेथवर कामाला होता, त्यामुळे बाई कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

तेवढ्यात हवेचा नवा कायदा आला. जनरेटर चालवायचा तर संमतीपत्र पाहिजे, नाहीतर सील. आणि जनरेटर नाही म्हणजे आठवड्यातले तीन दिवस काम नाही, म्हणजे ऑर्डर गेलीच. मी अर्जातल्या 'धुराचे स्वरूप' या रकान्यात 'किरकोळ' असं लिहिलं आणि पंधरा दिवसांत कागद घेऊन मोकळा झालो. माझाही जनरेटर काही उदबत्ती नव्हता, पण सगळी गल्ली 'किरकोळ'च लिहीत होती. अण्णांनी मात्र महिनाभर आवारात पांढरी फडकी टांगली. रोज संध्याकाळी एक काढून त्याच्यावर तारीख घालायचे. आक्कांच्या उशांचे चार अभ्रे त्यात कामी आले. शेवटी रकान्यात त्यांनी लिहिलं, 'काळा. पहिली दहा मिनिटं फारच काळा.'

पुढचा रकाना शेजाऱ्यांच्या हरकतीचा होता. अण्णा सुमनबाईंच्या दारात गेले. मी त्यांना आवरायला म्हणून सोबत गेलो होतो.

"हरकत असेल तर सांगा, बाई."

"आमची कसली हरकत, अण्णा? इंजन बंद झालं तर ह्यांनी कुठं जायचं?"

"ते निराळं. कपडे काळे होतात का नाही?"

बाई हळूच म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेला पोरांचे पांढरे कपडे दोनदा धुतले. पण ते लिहू नका हं."

अण्णांनी शब्द पाळला. बाईंचं नाव कुठेच घातलं नाही. हरकत स्वतःच्या नावाने नोंदवली.

तपासणीला आलेले साहेब कागद चाळताना घोटाळ्यात पडले. "तक्रारदार कोण?"

"मी."

"आणि अर्जदार?"

"मीच."

साहेब सज्जन होते. पेनाचं टोपण लावत म्हणाले, "अहो, तक्रार तेवढी मागे घ्या. आत्ता सही करतो."

"घेतो की. पण धूर आहे तेवढाच राहील."

साहेबांचा नाइलाज झाला. चाळीच्या छपरावरून जाईल एवढं धुराडं बसवेपर्यंत जनरेटर बंद, असा हुकूम निघाला. अशा रीतीने अण्णा स्वतःविरुद्धची तक्रार जिंकले. हा किस्सा मी पुढे कित्येक बैठकींत सांगितला आणि लोक पोट धरधरून हसले.

पुढचं मात्र मी सांगत नसे. धुराडं उभं राहायला दोन महिने लागले. तोवर कंपनीने ऑर्डर काढून घेतली आणि ती मला दिली, कारण माझे कागद स्वच्छ होते. एके सकाळी अण्णा स्वतः ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले. मागे यशवंत उभा होता.

"हे घ्या, राव. आतल्या मापाला जपा, माल तिथंच नापास होतो. आणि ह्याला ठेवून घ्या. हात चांगला आहे."

मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. समोरच्या भिंतीवर माझं संमतीपत्र काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. अण्णांनी चष्मा पुसून ते सावकाश वाचलं आणि चहा घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं असतं तर मी त्या क्षणी सगळं कबूल करून टाकलं असतं.

यशवंत माझ्याकडे पुष्कळ वर्षं टिकला. अण्णांचं वर्कशॉप लहानाचं आणखी लहान झालं, तरी दर दिवाळीला ते फराळाला यायचे आणि चकली मऊ पडली असेल तर माझ्या बायकोला तोंडावर सांगायचे. त्या रकान्यात मी काय लिहिलं होतं, हे मात्र त्यांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही.