अण्णांचा लाल शेपटीचा मासा

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. पूर्वज इकडे बेंगळूरला कधी आले हे घरात कोणालाच नीट ठाऊक नाही. बोलण्यात निम्मं कानडी शिरलं, ताटात आमटी-भाजीच्या जागी सारू आणि पल्या आले, पण येलहंकातल्या घराचं स्वयंपाकघर आईने अगदी कडक शाकाहारी ठेवलं होतं. त्या घरात एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर माझे वडील ओट्याशी उभे राहून कोळंबी सोलत होते. वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. आई बाहेर पायरीवर बसली होती, माहेरी निघाल्यासारखी पिशवी मांडीवर घेऊन.

"मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "त्यांना विचार. नाहीतर त्यांच्या त्या लाडक्याला विचार."

लाडका म्हणजे दिवाणखान्यातला मासा. रिटायर झाल्यावर अण्णांनी काचेची टाकी आणली होती आणि तिच्यात सोनेरी मासे सोडले होते. आईलाही ते आवडायचे. भाजी निवडायला ती मुद्दाम टाकीपुढे बसायची. मग एक दिवस अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आणखी एक आणला. बोटाएवढा, पाठ काळी, अंगावर पांढरा पट्टा, शेपटी लालसर आणि तोंडाला मिशा. रेड टेल कॅटफिश. "किती गरीब दिसतो बघ," अण्णा म्हणाले. गरीब दिसत होता खरा. तळाशी दगडाआड निमूट पडून राहायचा.

काही आठवड्यांनी सकाळी चहा घेऊन मी टाकीपुढे गेले, तर आत नुसतं पाणी. मला आधी वाटलं, मांजर शिरलं असेल. झाकण तर जागच्या जागी होतं. खाली वाकून पाहिलं तेव्हा दगडाआड तो दिसला. पोट टम्म फुगलेलं, आणि मिटलेल्या तोंडातून सोनेरी शेपटीचं एक टोक बाहेर आलेलं. ते अजून हलत होतं.

आई त्या दिवशी जेवली नाही. अण्णाही हादरले होते, पण त्यांनी मासा परत केला नाही. "त्याचा स्वभावच तो," एवढंच म्हणाले.

तो वाढला कसा, हे सांगून कोणाला पटत नाही. दिवाळीला आम्ही बहिणीकडे म्हैसूरला गेलो, परत आलो तर तो आधीच्या दुप्पट वाटला. टाकी लहान पडली म्हणून मोठी आणली, तीही लहान पडली. शेवटी अण्णांनी काचवाल्याकडून भिंतीच्या लांबीची टाकी बनवून घेतली, त्यासाठी सोफा गच्चीवर गेला. माशाचं खाणंही वाढलं आणि म्हणून ती कोळंबी घरात आली. आईच्या रागापुढे नमून अण्णांनी जिन्याखाली वेगळा छोटा फ्रीज ठेवला, वेगळी सुरी घेतली, आणि कोळंबी मागच्या अंगणात सोलू लागले. आई पायरीवरून उठून घरात आली, पण माशाशी तिने वैर धरलं ते धरलंच. टाकीपुढून जाताना ती पदर नाकाला लावायची.

अण्णा मात्र रमले होते. सकाळी टाकीशी उभं राहून विचारायचे, "काय रे, ऊट आय्ता?" जेवण झालं का, असं आपण शेजाऱ्याला विचारतो तसं. तो वर यायचा, मिशा त्यांच्या तळव्यावर फिरवायचा आणि कोळंबी ओढून घ्यायचा. एकदा त्याने पाण्यातला थर्मामीटर गिळला आणि दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा ओकून टाकला. "शहाणा आहे," अण्णा म्हणाले. तोवर तो माझ्या हाताएवढा लांब झाला होता. वळताना शेपूट काचेवर आपटली की आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. दिवाणखान्यात फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि पाठोपाठ पाणी उंबरा ओलांडून आमच्या ताटांपर्यंत आलं. मी धावले. टाकीची पुढची काच कोपऱ्यापासून उभी फुटली होती, आणि तो काचांमध्ये फरशीवर पडला होता. तो ओरडत होता. मासा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. घशातून निघावा तसा खरखरीत, तुटक आवाज. अण्णा दारात उभे होते, हातातला घास तसाच.

"मेन बंद कर आधी!" आई ओरडली. पाणी पंपाच्या वायरीपर्यंत पोचलं होतं. मी धावत जाऊन वीज बंद केली. परत येते तो आई चपला घालून काचांमधून पुढे गेली होती. तिने दोरीवरची ओली साडी ओढून आणली होती, ती माशावर टाकली आणि गुडघ्यावर बसून त्याला गुंडाळला, बाळंत्यात मूल गुंडाळावं तसा. जिने आयुष्यात कधी माशाला बोट लावलं नव्हतं, तिने.

"बघत काय राहिलात?" ती अण्णांना म्हणाली. "शेपूट धरा. संपात टाकूया."

संप म्हणजे अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी. बेंगळूरच्या बहुतेक घरांत ती असते. तिघांनी मिळून त्याला बाहेर नेला, मी लोखंडी झाकण उचललं आणि आईने त्याला डोक्याकडून आत सोडला. धप्प आवाज झाला. मग काहीच नाही. अण्णा झाकणाशी पालथे पडून आत बघत राहिले. बऱ्याच वेळाने काळ्या पाण्यात लाल शेपटी वळली, आणि ते तिथेच अंगणात रडू लागले. हृदयाच्या बायपासच्या वेळी ऑपरेशनला नेतानाही ते रडले नव्हते.

आता पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्यात हा. टँकर वेळेवर येत नव्हते, आणि आम्ही शेजारच्या अक्कांकडून घागरी भरून आणत होतो. त्या चांगल्या होत्या, पण पाणी किती दिवस देणार? "केरेत सोडून या," त्यांनी सुचवलं. तळं जवळच होतं. "सगळेच सोडतात."

मलाही ते सोपं वाटलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. पण उत्तर आईने दिलं. "त्याने आपल्या घरात काय केलं ते मी पाहिलंय. तळ्यातल्या माशांनी आपलं काय घोडं मारलंय? काही झालं तरी नाही."

चौकशी करता करता शहराबाहेर आनेकलजवळच्या एका बाईंचा पत्ता लागला. त्यांच्या शेतात जुना सिमेंटचा मोठा हौद होता आणि असे मासे त्या ठेवून घेत. आम्ही संप उपसला, मी शिडीने आत उतरले, गुडघाभर पाण्यात त्याला साडीच्या झोळीत घेतला आणि वर दिला. मालवाहू रिक्षात पाण्याचं पिंप, पिंपात तो, आणि मागून आम्ही तिघं माझ्या गाडीत.

हौदाचं पाणी हिरवट आणि शांत होतं. अण्णांनी स्वतः त्याला आत सोडलं. तो तळाला गेला. अण्णा वाकून म्हणाले, "ऊट आय्ता?"

बाईंनी बादली काठावर ठेवली. बादलीचा आवाज झाला मात्र, पाणी उकळल्यासारखं झालं. एक तोंड वर आलं, मग दुसरं, मग जिकडे बघावं तिकडे तोंडंच. रुंद, पांढरी, उघडी तोंडं, सगळ्यांना मिशा, सगळ्यांच्या शेपट्या लाल. काही आमच्या माशाच्या दुप्पट. आई दोन पावलं मागे सरली आणि तिने माझा दंड घट्ट धरला.

"आपला कुठला?" अण्णांनी विचारलं.

कोणालाच सांगता येईना.

"प्रत्येक जण म्हणतो, माझा मला ओळखतो," बाई कानडीत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. "ते बादली ओळखतात. हौद भरलाय आता. रोज फोन येतात, नाही म्हणावं लागतं. ज्यांना मी नाही म्हणते ते कुठे नेत असतील, विचार करा."

परत येताना के. आर. पुरमच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या. मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणाले, "त्या दुकानदाराला जाब विचारायला पाहिजे. एवढा मोठा होतो हे सांगायला नको?"

"सांगितलं होतं त्याने," मागून अण्णा म्हणाले.

मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"सगळं सांगितलं होतं. किती वाढतो, किती वर्षं जगतो. 'सार, घेऊ नका,' म्हणाला. मीच ऐकलं नाही. नुकती बायपास झाली होती. मला वाटलं, तो मोठा होईपर्यंत मी कुठे असतोय."

मागचे हॉर्न वाजवत होते, पुढची रांग सरकली होती, आणि माझा पाय ब्रेकवरून निघेना. त्या सगळ्या काळात ते रोज फिरायला जात होते, गोळ्या वेळेवर घेत होते, क्रिकेट बघत होते. मला वाटलं होतं, बरे झालेत.

आई त्यांच्या शेजारी बसली होती. तिने हळूच मान वळवली. तिचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता, काच फुटली तेव्हाही नाही.

"म्हणजे मासा आमच्या गळ्यात बांधून तुम्ही जाणार होतात?"

अण्णांनी खिडकीची काच वर चढवली.

"आणि मला सांगितलं नाहीत. शेजारी झोपत होते मी."

"काय सांगणार?" ते म्हणाले.

आई रडली नाही, भांडलीही नाही. हेब्बाळपर्यंत ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून मीही येणार फिरायला. चालेल ना, सरी?"

"सरी," अण्णा म्हणाले.