जोडमूळ संख्येपुढचं नाव

मी देवळीत गणित शिकवते. नवऱ्याचं बाजारात कृषी केंद्र आहे. दुकानात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना घरी आला, आणि मी त्याला जोडमूळ संख्या शोधायला जुंपलं.

अकरा-तेरा, सतरा-एकोणीस, हे शाळेतली पोरंही सांगतील. दोन्ही मूळ, मधे फक्त दोनाचं अंतर. अशाच जोड्या, पण कागदावर मावणार नाहीत एवढ्या लांब, जगभरचे हौशी लोक इंटरनेटवर मिळून शोधतात. चर्चेच्या पानावर आपला संख्यांचा पट्टा मागून घ्यायचा. मग त्यात दुसरं कोणी हात घालत नाही. आधी चाळणी लावून लहान संख्यांनी भाग जाणारं सगळं गाळायचं, उरलेलं एकेक तपासायचं. एक मूळ निघाली आणि तिची जोडीदारीण निघाली नाही, की गेली जोडी. पगार नाही, बक्षीस नाही. सापडलीच तर यादीत तिच्यापुढे शोधणाऱ्याचं नाव लागतं.

मला तेवढंच हवं होतं, खोटं कशाला बोलू? नोंदणीत मी माहेरचं नाव टाकलं. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही एका दुपारी गेली. गणितात पहिली यायची ती त्या जुन्या नावाची पोरगी. हे काम तिचं होतं. ई-मेल मात्र दुकानाचा दिला, कारण तेव्हा माझा स्वतःचा नव्हता.

उन्हाळ्यात मशीन तापायचं, मग मी कूलरचं तोंड तिकडे फिरवायची. सासूबाई म्हणायच्या, माणसं घामानं निथळून राह्यली आन् हवा डब्ब्याले. ऐकून घेतलं, वर्षानुवर्षं.

आणि एक जोडी सापडली. जगातली सगळ्यात मोठी नव्हे, पण यादीत बसण्याएवढी. मी शाळेत होते. मेल दुकानात गेला: अभिनंदन, नाव हेच लावायचं ना? नवऱ्यानं तिथूनच उत्तर धाडलं. मी घरी आले तर पेढे आणलेले.

"माहेरचं नाव काऊन टाकलतं तुनं? म्या दुरुस्त केलं," तो म्हणाला.

दुरुस्त! अहो, मी रोज पोरांच्या वह्या तपासते. दुरुस्त करतात ती चूक. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुसरा मेल टाका. तो हसला. तोवर बाजारातल्या सगळ्या मोबाईलवर बातमी फिरली होती, व्यापाऱ्यांनी शाल-श्रीफळ ठरवलं होतं. त्याचं म्हणणं, आता नाव बदललं तर लोक म्हणतील, याले बायकोचं नावही धड माहीत नाई. मी स्वतः त्या यादीवाल्यांना लिहिलं. उत्तर अगदी सभ्य आलं: बदल नोंदणीच्या मेलवरूनच कळवावा. म्हणजे दुकानातूनच, घ्या! मी भांडले, जेवण टाकलं, बोलणं टाकलं. तो ढिम्म. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. सत्काराला गेले, तर भाषणही त्यानंच केलं. त्या दिवशी मला त्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आई सिंदीला राहते. मला जुन्या नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवं नाव तिनं कधी तोंडात घेतलं नाही, जावयासमोरसुद्धा. शेजारणीनं तिला सत्काराचा फोटो दाखवला आणि खालचं नाव वाचून सांगितलं. लगेच तिचा फोन आला. मी फोन उचलताच तिनं मला त्या नव्या नावानं हाक मारली. "काय म्हणालीस?" मी विचारलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं तेच नाव पुन्हा घेतलं, सावकाश, अक्षर अक्षर जुळवत.

"घोकून पाठ केलं म्या," ती म्हणाली. "आता जगात हेच नाव चालून राह्यलं. मंग मी एकटीनं जुनं धरून काऊन बसू?"